बियाण्याला हात लावू नका

सदर : घरचा हिशेब



आज गोठ्याच्या हिशेबाविषयी लिहायचे ठरवले होते. पेंडीचे भाव, दुधाचा दर आणि दावणीला बांधलेल्या म्हशीचा खरा खर्च. पण मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि ती माझ्याच घरची आहे. ती सांगायला संकोच वाटतो. तरी सांगतो, कारण आज गावोगाव पारावर, टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर तरुण पोरे मोबाईलमध्ये मान घालून जे बघत बसतात, त्यात सगळा वेळ सिनेमा नसतो. त्यात कधीकधी घरचे बियाणे असते.

२०२५ चा दसरा होऊन आठ-नऊ दिवस झाले होते. शनिवारी सकाळीच धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तू आजच्या आज ये. पोरगं पहाटेपासनं ओट्यावर बसलंय. बोलत नाही, चहा घेत नाही." मी गेलो. भाचा पदवीधर आहे. दोन वर्षे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून घरी परतलेला, कामाला वाघ, व्यसन नाही. त्याला मळ्याकडे घेऊन गेलो. विहिरीच्या कडेला बसल्यावर त्याने तोंड उघडले.

"मामा, रब्बीचे पैसे गेले."

"किती?"

"सगळे. एक लाख दहा हजार."

एक म्हैस विकून आणि दुधाच्या बिलातून साठवून बहिणीने ते पैसे हरभऱ्याचे बी, कांद्याचे रोप आणि खत यांसाठी बँकेत ठेवले होते. खाते पोराच्या मोबाईलला जोडलेले. आई अंगठेबहाद्दर नाही, सातवी शिकलेली आहे. पण मोबाईलमधल्या खात्यात तिने कधी डोकावले नव्हते. पोरगा बघतोय ना, मग झाले.

इसाराचा सौदा

आता हा प्रकार आहे तरी काय, ते आपल्या भाषेत समजून घेऊ.

बिटकॉइन हे संगणकावरचे चलन जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. त्यामागे कोणतेही सरकार नाही, सोने नाही, धान्याचे कोठार नाही. एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांच्या वर जायची नाहीत असा त्याचा नियम आहे, आणि लोक जी किंमत देतील तीच त्याची किंमत. त्याच्या मागोमाग अशी हजारो चलने निघाली. भाव कसे हलतात पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनला सुमारे ६९ हजार डॉलर मिळत होते. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तोच भाव १६ हजारांच्या आसपास आला होता.

नाणे रोख पैशाने विकत घेतले तर भाव पडल्यावर नुकसान होते, पण नाणे आपल्याजवळ राहते. भाच्याने मात्र नाणे घेतलेच नव्हते. त्याने केला होता वायदा, आणि तोही उसन्या बळावर. याला 'लिव्हरेज' म्हणतात. आपण त्याला 'पट' म्हणू.

जमिनीच्या व्यवहारात इसार देतात, तसेच हे. समजा तुम्ही दहा हजार रुपये अनामत ठेवली आणि वीस पट घेतली. म्हणजे दोन लाखांचा सौदा तुमच्या नावावर झाला. भाव शेकडा पाच चढला की दोन लाखांवर दहा हजार सुटले, पैसे दुप्पट! पोरांना एवढेच सांगितले जाते. पण भाव शेकडा पाच उतरला की तुमचे दहा हजार संपले. खरे तर पाच उतरायचीही वाट पाहत नाहीत. अनामत अगदी तळाला जाण्याआधीच बाजाराचा संगणक तुमचा सौदा आपणहून मोडतो आणि उरलेसुरले जमा करून घेतो. याला 'लिक्विडेशन' म्हणतात. सावकार निदान दारात येऊन हाक तरी मारत होता. इथे हाक नाही, मुदत नाही. नंतर तासाभरात भाव पुन्हा वर गेला तरी तुमचा त्याच्याशी संबंध उरलेला नसतो.

आणखी दोन खड्डे आहेत. पहिला दलालीचा. दलाली तुमच्या दहा हजारांवर नसते, दोन लाखांवर असते. शंभर रुपयांना पाच पैसे असा दर धरा. किती किरकोळ वाटतो! पण दोन लाखांवर घेताना शंभर आणि विकताना शंभर, असे दोनशे रुपये झाले. तुमच्या अनामतीच्या हिशेबाने हे शेकडा दोन. भाव जागचा हलला नाही तरी असे पन्नास सौदे केले की दहा हजार दलालीतच गेले.

दुसरा खड्डा 'फंडिंग'चा. या वायद्यांना बहुधा मुदत नसते. २०१६ मध्ये बिटमेक्स या परदेशी बाजाराने बिटकॉइनवर असा बिनमुदतीचा वायदा आणला आणि मग तो सगळीकडे पसरला. मुदत नाही म्हणून सौदा चालू ठेवण्याची देवघेव बहुतेक ठिकाणी दर आठ तासांनी होते. मुंबईच्या शेअर बाजारात २००१ पर्यंत 'बदला' नावाचा आकार असे, त्याच्याच जातीचे हे. तेजीवाल्यांची गर्दी असली तर तेजीवाल्याने मंदीवाल्याला द्यायचे. दर शंभराला एक पैसा धरला तरी दोन लाखांवर वीस रुपये, दिवसाला साठ, महिन्याला अठराशे. दहा हजारांवर महिना शेकडा अठरा! एवढे व्याज गावच्या सावकारानेही सांगायला धीर केला नसता.

त्या पहाटे काय झाले

भाच्याने सुरुवात पाच हजारांनी केली होती. पंधरा दिवसांत त्याचे सतरा हजार झाले. मंडळी, खरा घात इथेच झाला. पहिल्याच खेपेला पाच हजार बुडाले असते तर घर वाचले असते. सतरा हजार पाहून त्याला वाटले, आपल्याला हे जमते. मग आणखी तीस हजार घातले आणि ते सगळे गेले. ते परत मिळवायचे म्हणून उरलेले पंचाहत्तर हजार एकदम लावले, वीस पटीने, एका लहानशा नाण्यावर. म्हणजे पंधरा लाखांचा सौदा, आणि घरात उभे पीक नाही.

"अरे, तोटा थांबवायची काही सोय नसते का त्यात?" मी विचारले.

"असते मामा. स्टॉप-लॉस म्हणतात. अमुक भावाला आला की सौदा आपोआप मोडायचा. मी लावला होता. पण आधी दोनदा तो तुटला आणि नंतर भाव वर गेला. म्हणून या वेळी काढून टाकला."

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी चीनच्या मालावर आणखी शंभर टक्के जकात बसवण्याची घोषणा केली. तिथे संध्याकाळ होती, आपल्याकडे शनिवारची पहाट व्हायची होती. त्या काही तासांत बिटकॉइन दहा टक्क्यांहून अधिक पडले, लहान नाणी तर कितीतरी जास्त. चोवीस तासांत जगभर मिळून १९ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे उसन्या बळाचे सौदे जबरीने मोडले गेले. तोवरचा हा सर्वांत मोठा आकडा. त्या अब्जांमध्ये बहिणीच्या हरभऱ्याचे बीही होते. पोरगा झोपलेला होता. कोंबडा आरवायच्या आधी मोबाईल पाहिला तर खात्यात शून्य.

आपला बाजार संध्याकाळी उठतो. आडत्याही रात्री झोपतो. हा बाजार दिवसाचे चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस चालू असतो. माणसाला झोप लागते, बाजाराला लागत नाही, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ.

हे दुखणे जुने आहे

हे नव्या पिढीचे वेड आहे असे म्हणून आपण म्हाताऱ्यांनी हात झटकू नयेत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर लोक उसन्या पैशाने, वायद्याने घेऊ लागले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले. त्याच वर्षी १ जुलैला वायदे पुरे करायचे होते, तेव्हा पैसे कोणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला.

आणि शेतकऱ्याचे काय झाले? तेजीच्या काळात सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले होते. भाव उतरले, सारा वाढला, कर्ज मात्र तेवढेच राहिले. जमिनी जाऊ लागल्या. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. सांगायचा मुद्दा एवढाच, की भाव चढतो तेव्हा कर्ज हलके वाटते आणि भाव उतरतो तेव्हा तेच कर्ज गळ्याला लागते. कापूस असो की बिटकॉइन, यात फरक पडत नाही.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. तरुणपणी आडत्याकडून उचल घेऊन लसूण भरून ठेवला होता. भाव दुप्पट होणार असे सगळेच म्हणत होते. लसूण पोचट झाला आणि उचलीचे व्याज तीन वर्षे फेडले. पण लसणाची निदान चटणी तरी झाली.

आजचे आकडेही ऐका. शेअर बाजारातल्या वायदे आणि ऑप्शनच्या सौद्यांची तपासणी सेबीने केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा सौद्यांत उतरलेल्या दर शंभर साध्या माणसांपैकी ९३ जणांना तोटा झाला. एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक. २०२४-२५ मध्येही शंभरातले ९१ तोट्यात होते आणि त्या एका वर्षाचा तोटा १ लाख ५ हजार ६०३ कोटी रुपये. हे झाले सेबीची देखरेख असलेल्या बाजाराचे. क्रिप्टोच्या वायद्याच्या तंट्यात दाद मागायला सेबीसारखी कोणी संस्था पाठीशी उभी नाही.

मामा, नियमाने केले तर?

आठवडाभराने भाचा घरी आला. बियाणे बहिणीने कृषी सेवा केंद्रातून उधारीवर आणले होते. तो म्हणाला, "मामा, चूक माझी होती. पण शिस्तीने, नियमाने केले तर?"

मी त्याला 'नाही' म्हणालो नाही. तरुणाला नुसते 'नाही' म्हटले की तो तेच काम आपल्या पाठीमागे करतो. मी म्हणालो, "बस. वही काढ. नियम लिहू." ते नियम असे.

पहिला : बियाणे, खत, पोरांची फी, दवाखाना, लग्न यांसाठीचा पैसा आणि कर्जाऊ पैसा यांना हात लावायचा नाही. पीक कर्ज, सोनेतारण, बचत गटाची उचल, मित्राची उसनवार, काहीच नाही. जत्रेत हरवला तरी घरची चूल थंड होणार नाही, तेवढाच पैसा घ्यायचा.

दुसरा : एका सौद्यात भांडवलाच्या शेकडा दोनपेक्षा जास्त तोटा होऊ द्यायचा नाही. वीस हजार असतील तर चारशे रुपये. कारण हिशेबाने पाहा. दर वेळी शेकडा दहा घालवले आणि ओळीने दहा सौदे चुकले, तर वीस हजारांचे सात हजारही राहत नाहीत. शेकडा दोनच घालवले तर तेच दहा सौदे चुकूनही सोळा हजार तीनशेच्या वर राहतात. दहा वेळा ओळीने चुकणे अशक्य नाही. पाऊससुद्धा ओळीने तीन वर्षे चुकतो.

तिसरा : तोटा कोठे थांबवायचा ते सौदा करण्याआधी ठरवायचे आणि त्यावरून सौदा किती मोठा ते काढायचे. चारशे रुपये घालवायची तयारी आहे आणि भाव शेकडा एक उलटा गेला की बाहेर पडायचे असेल, तर सौदा चाळीस हजारांचा, म्हणजे दोन पट. शेकडा चार उलटा जाऊ द्यायचा असेल तर सौदा दहा हजारांचा. तिथे पटीची गरजच उरत नाही. किती पट घ्यायची हे आधी ठरवायचे नसते, ते या हिशेबातून निघते. पोरे उलटे करतात, आधी वीस पट घेतात आणि मग देवाचे नाव घेतात.

चौथा : लावलेला स्टॉप-लॉस मागे सरकवायचा नाही आणि काढायचा तर नाहीच. तोही पुरती हमी नव्हे. भाव एकदम कोसळला तर ठरल्यापेक्षा वाईट भावाला सौदा मोडतो. म्हणून रात्री झोपताना सौदा उघडा ठेवायचा नाही.

पाचवा : पडत्या भावात आणखी पैसे घालायचे नाहीत. बुडते ताफे सावरायला दुसरे ताफे सोडू नयेत. शंभराचे पन्नास झाले की परत शंभर व्हायला शेकडा शंभर नफा लागतो. शंभराचे दहा झाले तर शेकडा नऊशे. तोटा उतरतो जिन्याने, पण चढावे लागते दोराने.

सहावा : ओळीने तीन सौदे चुकले की आठवडाभर मोबाईल बंद आणि कुदळ हातात. रागाने केलेला सौदा आणि रागाने हाणलेला बैल, दोन्ही आपल्याच अंगावर येतात.

सातवा : प्रत्येक सौदा वहीत लिहायचा. का केला, किती घातले, किती गेले, दलाली किती. आणि ती वही दर रविवारी आईला वाचून दाखवायची. ज्या सौद्याविषयी घरच्या बाईला सांगायला जीभ जड होते, तो सौदा करू नये.

सरकारी बाजूचे चार शब्द

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून या नफ्यावरही नाही, असा समज काहींचा आहे. तो चुकीचा आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा चलनाच्या खरेदी-विक्रीतल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, शिवाय उपकर. उत्पन्न कमी असले तरी त्यात सूट नाही, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का कर आधीच कापला जातो. रिझर्व्ह बँक डिसेंबर २०१३ पासून वेळोवेळी सावध करीत आली आहे. २०१८ मध्ये तिने बँकांना घातलेली बंदी मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पण बंदी उठली म्हणजे हमी मिळाली असे नव्हे.

पैसा ज्या बाजारात ठेवला तो बाजारच बुडू शकतो. एफटीएक्स हा जगातला मोठा बाजार नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळखोर झाला. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या आपल्याकडच्या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची चलने चोरीला गेली. व्हॉट्सअॅपवर किंवा टेलिग्रामवर कोणी 'खात्रीचा सौदा' सांगू लागला, आणि पैसे काढायच्या वेळी 'आधी आणखी अनामत भरा' म्हणाला, तर तो बाजार नव्हे, चोर आहे. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार द्या. जितका उशीर, तितका पैसा लांब.

वही काय म्हणाली

नियम लिहून झाल्यावर मी भाच्याला आणखी एक अट घातली. "तीन महिने एकही रुपया घालायचा नाही. वीस हजार आहेत असे समजून नुसते वहीत सौदे करायचे. खरे भाव, खरी दलाली. मग बोलू."

पोरगा शब्दाचा पक्का. रब्बीची पाणी द्यायची पाळी सांभाळून त्याने वही लिहिली. तीन महिन्यांनी घेऊन आला. चौतीस सौदे, प्रत्येक चाळीस हजारांचा. एकोणीस बरोबर, पंधरा चूक.

"मामा, निम्म्याहून जास्त बरोबर आलेत," तो म्हणाला. मग स्वतःच हसला. "तरी पण तोटा आहे."

बेरीज सरळ होती. बरोबर आलेल्या सौद्यात सरासरी तीनशे मिळाले, कारण थोडा नफा दिसला की भीतीने हात काढून घेतला. एकूण ५,७०० रुपये. चुकलेल्यात सरासरी चारशे गेले, एकूण ६,०००. आणि दलाली प्रत्येक सौद्याला चाळीस, म्हणजे १,३६०. तीन महिने डोळे फोडून १,६६० रुपये तोटा. नियम एकही मोडला नव्हता. नियमांनी एवढेच केले की वीस हजारांतले अठरा हजार तीनशे चाळीस शिल्लक राहिले.

"म्हणजे शिस्तीने काय मिळाले?" मी विचारले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "शिस्तीने मरण लांबते. पीक येतेच असे नाही."

मी काही बोललो नाही. एवढी अक्कल यायला मला लसणाची तीन वर्षे लागली होती.

हरभरा बरा आला. कृषी सेवा केंद्राची उधारी फिटली. म्हैस मात्र अजून परत आलेली नाही. दावणीची ती जागा रिकामी आहे आणि बहीण रोज सकाळी तिथून झाडत जाते. ती पोराला एका शब्दाने बोललेली नाही. बँकेच्या खात्याचा संदेश मात्र आता तिच्या मोबाईलवर येतो, आणि ती तो चष्मा लावून वाचते.

माउल्यांनो, तुम्हाला एवढेच सांगणे आहे. आज रात्री जेवणे झाल्यावर घरच्या खात्यात किती आहे ते विचारा. संशय म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. आणि पोरांनो, विचारले तर रागावू नका. मोबाईल पुढे करा.

गोठ्याचा हिशेब पुढच्या अंकी नक्की.